गेट अर्ध्यात अडकतं म्हणून मोटर बदलायची का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पिंपरी-चिंचवडमधली ८४ फ्लॅटची सोसायटी, वीस फुटी सरकतं गेट, मोटर बसवून चार वर्षं झालेली. पाऊस सुरू झाला की गेट अर्ध्यात थांबतं, कधी बंद होता होता परत उघडतं. रिमोट गेटाला नाक लावल्याशिवाय चालत नाही. ज्याने बसवलं तो म्हणतो, मोटर आणि तिला चालवणारा बोर्ड दोन्ही बदला. शिवाय कमिटीच्या मनात फास्टॅगवर उघडणारा बूम बॅरिअर (वर उचलला जाणारा आडवा दांडा) आणि प्रत्येक विंगच्या दाराला बोटाचं मशीन आहे. सेक्रेटरी विचारतात, यातलं काय करावं आणि आधी काय करावं.

मोटर आत्ता बदलू नका. माझा या धंद्यातला अनुभव सांगतो की ‘मोटर गेली’ म्हणून बोलावणं येतं तेव्हा मोटर बहुतेक वेळा शाबूत असते आणि गेट आजारी असतं. मोटरचं काम नीट चालणाऱ्या गेटाला ढकलायचं. वाकड्या रुळावरून घसटत जाणारं गेट ओढायचं काम तिच्यावर टाकलं की ती वर्ष-दोन वर्षं ओढते आणि मग बसते. नवी आणली तरी तेच होणार.

म्हणून पहिली तपासणी फुकटातली आहे. एमसीबी बंद करा. मोटरच्या पुढच्या बाजूला चावी आणि एक लिव्हर असतो, तो फिरवला की मोटर गेटापासून सुटते. (ही चावी कुठे आहे हे वॉचमनच्या तिन्ही पाळ्यांना ठाऊक असलं पाहिजे. बहुतेक सोसायट्यांत ती जुन्या सेक्रेटरींच्या कपाटात सापडते.) आता गेट हाताने ढकला. एका माणसाने, फार जोर न लावता, या टोकापासून त्या टोकापर्यंत ते गेलं पाहिजे. जिथे जड लागेल तिथे जमिनीवर खडूने खूण करा. तुमच्याकडे पाण्याचे टँकर येत असतील तर मी पैज लावून सांगतो, खूण टँकरच्या चाकाखालीच येईल. दहा हजार लिटरचा भरलेला टँकर दिवसातून चार वेळा रुळाच्या त्याच जागेवरून जातो, रूळ तिथे सूतभर दबतो, आजूबाजूच्या पेव्हर ब्लॉकची रेती पावसात त्या खळग्यात येऊन बसते. उन्हाळ्यात कोरडी रेती चाक ढकलून पुढे जातं, पावसाळ्यात तिचा चिखल होतो आणि गेट थांबतं. ‘पाऊस आला की बिघडतं’ याचा अर्थ दर वेळी पाणी बोर्डात शिरलं असा नसतो.

मग चाकं बघा. गेट थोडं वर उचलून धरा आणि चाक हाताने हलवून पाहा. खुळखुळलं तर बेअरिंग गेलं. चाकाची खाच झिजली असेल तर गेट काही मिलिमीटर खाली बसलेलं असतं, आणि इथेच खरी गोम आहे. गेटाला खालच्या बाजूने दातेरी पट्टी लावलेली असते, तिला रॅक म्हणतात, आणि मोटरचं दातेरी चाक म्हणजे पिनियन. या दोघांत वरखाली १ ते २ मि.मी. फट हवी. फट म्हणजे रॅकचं वजन पिनियनवर येता कामा नये, नुसते दात दातांत अडकले पाहिजेत. चाकं झिजून गेट खाली बसलं की ही फट मिटते आणि पाच-सहाशे किलोच्या गेटाचा भार हळूहळू मोटरच्या शाफ्टवर येतो. आतलं गिअर मग भुगा व्हायला लागतं. कव्हर उघडल्यावर पिवळट भुकटी मिसळलेलं ग्रीस दिसलं तर समजा, बरेच दिवस हेच चाललंय. एका टोकाला फट आहे आणि दुसऱ्या टोकाला नाही, असंही दिसेल. तेव्हा रॅकचे स्क्रू ढिले करून ती वर घ्यावी लागते. हे काम फॅब्रिकेटर आणि मोटरवाला दोघांनी एकाच दिवशी उभं राहून करायचं. वेगवेगळ्या दिवशी आले की दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात आणि बिल मात्र दोघांचं येतं.

ढकलताना गेट लोण्यासारखं सरकलं, तरच पुढे विजेकडे वळायचं.

‘बंद होता होता परत उघडतं’ या तक्रारीला दोन कारणं असतात. एक, बोर्डाला अडथळा जाणवला. चांगल्या बोर्डात मोटरवर ताण वाढला की गेट थांबवून मागे न्यायची सोय असते. चिखलात चाक अडकलं, ताण वाढला, बोर्डाला वाटलं मध्ये कोणी आहे. बोर्डाने आपलं काम चोख केलं! पण तक्रार आली की मेकॅनिक काय करतो, तर बोर्डावरचं ‘फोर्स’चं बटण स्क्रूड्रायव्हरने पूर्ण पिळतो. गेट धाडधाड बंद होतं, सगळे खूश. आता मध्ये मूल आलं तरी ते थांबणार नाही. युरोपात यासाठी ईएन १२४५३ नावाचं मानक आहे. बंद होणारी कड आणि खांब यांच्यात माणूस सापडला तर धक्का ४०० न्यूटनच्या वर जाऊ नये, म्हणजे ढोबळमानाने ४० किलोचा दाब, असं ते सांगतं. २०१० मध्ये जूनअखेर आणि जुलैच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये आठवड्याभराच्या आत दोन लहान मुली दोन वेगवेगळ्या शहरांत विजेच्या सरकत्या गेटात चिरडून गेल्या. त्यानंतर तिथे हा धक्का यंत्राने मोजण्यावर जोर आला. आपल्याकडे कोणी मोजत नाही. निदान एवढं करा: गेट बंद होत असताना कडेसमोर रिकामं पुठ्ठ्याचं खोकं धरा, हात नव्हे. खोकं चुरगळून गेट पुढे गेलं तर फोर्स कमी करून घ्या.

दुसरं कारण फोटोसेल. गेटाच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर काळ्या काचेच्या छोट्या डब्या असतात, एकीतून न दिसणारा किरण निघतो, दुसरी तो पकडते. मध्ये काही आलं की गेट बंद व्हायचं थांबून उघडतं. उघडताना त्रास नाही आणि बंद होतानाच आहे, तर पहिला संशय यांच्यावर घ्या. काचेवर कोळिष्टक, आत मुंग्यांची वारुळाची माती, पावसाळ्यात आतून धरलेली वाफ, समोर वाढलेली जास्वंदीची फांदी, एवढ्यावर निम्म्या तक्रारी मिटतात. एक जरा गमतीचा बिघाड रोज ठरावीक वेळी होतो, संध्याकाळी साडेपाच ते सहा. मावळतीचं ऊन सरळ पकडणाऱ्या डबीत शिरतं आणि तिला किरण दिसेनासा होतो. सोपा उपाय म्हणजे दोन्ही डब्यांची अदलाबदल करायची. काही मेकॅनिक हे शोधत बसण्यापेक्षा बोर्डावर दोन इंच वायर टाकून सेन्सर बायपास करतात. तुमच्याकडे कोणी केलं असेल तर ते ओळखायला सोपं आहे. गेट बंद होत असताना डबीसमोर झाडूचा दांडा धरा. गेट थांबलं नाही तर त्या माणसाला परत बोलावू नका.

अर्ध्यात थांबून वीस-पंचवीस मिनिटांनी आपोआप चालू होत असेल तर मोटर तापून तिचा थर्मल कटआउट (फार तापली की तिची वीज तोडणारा स्विच) पडतोय. मोटर नुसती गुणगुणते आणि हाताने धक्का दिल्यावर निघते, तर कंडेन्सर गेला. दोन-तीनशे रुपयांची वस्तू आहे, त्यावर लिहिलेल्या मायक्रोफॅरडचाच आणायचा. टोकाला जाऊन दोन फूट आधीच थांबतं किंवा खांबावर आदळतं, तर गेटाने कुठे थांबायचं ते ठरवणारं, रॅकवरचं लिमिटचं चुंबक किंवा पत्रा सरकलाय. यातल्या कशालाही नवी मोटर लागत नाही.

तापण्याबद्दल मात्र थोडं थांबून बोलायला हवं, कारण तुमच्या ८४ फ्लॅटचं खरं दुखणं इथे असू शकतं. बाजारात सरकत्या गेटाच्या ज्या २३० व्होल्टच्या एसी मोटरी मिळतात, त्यांच्यावर ‘१००० किलो’ मोठ्या अक्षरांत असतं आणि ‘ड्यूटी सायकल’ बारीक अक्षरांत. घरगुती मोटरींची ती साधारण ३० ते ४० टक्के, म्हणजे तासातली अठरा ते चोवीस मिनिटं ती फिरू शकते, उरलेला वेळ तिला थंड व्हायला हवा. वीस फुटी गेट उघडायला आणि लावायला मिळून सव्वा मिनिट धरा. सकाळी साडेआठ ते साडेनऊ तुमच्याकडून किती गाड्या जातात ते वॉचमनला मोजायला सांगा, उत्तर तुम्हीच काढाल. बंगल्याची मोटर सोसायटीला लावली तर ती चार वर्षं टिकली हेच आश्चर्य. जास्त फेऱ्यांसाठी २४ व्होल्ट डीसी किंवा ब्रशलेस मोटरी येतात, महाग असतात. पण त्याहून स्वस्त उपाय असा: दिवसा गेट उघडं ठेवा, काम बॅरिअरने करू द्या. रात्री अकरानंतर गेट लावा. म्हणून तुमच्या यादीत बॅरिअर वर हवा आणि मोटर खाली.

रिमोटचं उत्तर छोटं आहे. हे रिमोट ४३३ मेगाहर्ट्झवर चालतात आणि रिसीव्हरला साधारण १७ सेंटिमीटरची एक साधी वायर अँटेना म्हणून असते. मेकॅनिकला ती ‘फालतू वायर’ वाटते, तो ती गुंडाळून कोंबतो किंवा कापतो. सरळ उभी करा. तरी फरक पडला नाही तर जवळपास नुकताच लावलेला एखादा स्वस्त एलईडी फ्लडलाइट दहा मिनिटं बंद करून बघा. त्यातल्या ड्रायव्हर सर्किटचा विजेचा गोंगाट रिसीव्हरला बहिरं करतो. रिमोट फिक्स कोडचे, म्हणजे कायम एकच कोड पाठवणारे असतील तर किल्ली बनवणाऱ्याच्या टपरीवर त्यांची नक्कल होते, भाडेकरू गेला तरी त्याचं रिमोट चालूच राहतं. पुढच्या वेळी रोलिंग कोडचेच (दर वेळी कोड बदलणारे) मागा आणि कोणतं रिमोट कोणत्या फ्लॅटचं हे वहीत लिहा, म्हणजे हरवलेलं एकच काढून टाकता येईल.

पाण्याचं आणि विजेचंही पाहून घ्या. बोर्डात पाणी वरून क्वचितच पडतं, ते खालच्या पाइपातून ओल आणि किडे घेऊन वर येतं. पालीला मोटरची ऊब आवडते, आणि बोर्डावर शॉर्ट होऊन मेलेली पाल काढणं हा आमच्या धंद्यातला दर पावसाळ्याचा कार्यक्रम आहे. पाइपाचं तोंड ज्या सीलिंग पुट्टीने बंद होतं ती पन्नास रुपयांत येते. मोटरचा ओटा जमिनीपासून चार-पाच इंच वर हवा. पाऊस पडला की आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) पडत असेल तर तो काढून टाकू नका. कुठेतरी केबलचा जोड ओला झालाय, आणि लोखंडी गेटाला वॉचमन दिवसभर हात लावतो. मे महिन्यातल्या वळवाच्या विजांनी बोर्ड उडतात त्यासाठी सर्ज प्रोटेक्टर लावावा, पण अर्थिंग नसेल तर तो शोभेचा. आणि गेटाच्या दोन्ही टोकांना जमिनीत पक्का स्टॉपर आहे ना, वरचे गाइड रोलर गेटाला धरून आहेत ना, हे आजच बघा. लिमिट चुकलं आणि स्टॉपर नसला तर गेट रुळाबाहेर जाऊन अंगावर पडतं. या कामात माणसं अशीही दगावतात.

आता फास्टॅग. फेब्रुवारी २०२१ पासून टोलनाक्यावर तो सक्तीचा झाला, त्यामुळे तुमच्या जवळजवळ प्रत्येक चारचाकीवर आयता टॅग आहे आणि तो वापरणं शहाणपणाचं आहे. सभेत कोणीतरी उठून विचारणारच, ‘पैसे कापले जातील का?’ नाही. सोसायटीचा रीडर टॅगवरचा क्रमांक फक्त वाचतो. पैसे कापायला टोल चालवणाऱ्याची बँकेशी जोडलेली यंत्रणा लागते. टॅगमधला टीआयडी हा कारखान्यातून आलेला, न बदलता येणारा क्रमांक असतो, नोंदणी त्यावर करा. काच बदलली किंवा बँक बदलली की टॅग बदलतो, तेव्हा पुन्हा नोंद. रीडर बसवणाऱ्याला फ्रीक्वेन्सीचा पट्टा विचारा. भारतात या कामासाठी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ आहे. बरेच स्वस्त रीडर ९०२ ते ९२८ वर लावून येतात, आणि त्याचा काही भाग आपल्याकडे मोबाइल कंपन्यांच्या पट्ट्यात घुसतो. सेटिंग बदलायला दोन मिनिटं लागतात, कोणी बदलत नाही. रीडरची ताकदही कमी करून घ्या. पूर्ण ठेवली तर आत पार्किंगकडे वळणाऱ्या गाडीचा टॅग वाचून दांडा उघडतो आणि बाहेर उभा असलेला अनोळखी आत येतो.

बॅरिअरची अडचण फास्टॅगमध्ये नाही, दुचाकींत आहे. दांडा गाडीवर पडू नये म्हणून रस्त्यात खाच मारून त्यात वायरीचे तीन-चार वेढे पुरतात, त्याला लूप म्हणतात. वर लोखंड आलं की यंत्राला कळतं. मोटार लगेच कळते. स्कूटरचं लोखंड थोडं, ती वेढ्याच्या मधोमध गेली तर लूपला पत्ताच लागत नाही, आणि मोटारीमागून घुसलेल्या स्कूटरवाल्याच्या डोक्यात दांडा येतो. लूप तिरका टाकला तर दुचाकी बऱ्यापैकी पकडली जाते, सोबत फोटोसेल हवाच, आणि दांड्याला खालून रबर. जागा असेल तर दुचाकींना बाजूने वेगळी वाट सोडा, हे सगळ्यात उत्तम. दोन गोष्टी जागेवर तपासून घ्या. गेटासमोर पेव्हर ब्लॉक असतील तर ते हलतात आणि लूपची वायर तुटते, तेवढ्या भागात काँक्रीट करावं लागेल. खाली बेसमेंटचा स्लॅब असेल तर त्यातल्या सळयांमुळे लूप मंद होतो, तिथे रडार सेन्सर लावतात. आणि दांडा तुटला तर तेवढ्याच लांबीचा आणि वजनाचाच बसवा. आतली स्प्रिंग त्याच्या वजनाला जुळवलेली असते.

विंगच्या दारांसाठी बोटाचं मशीन मी सुचवणार नाही. तुमच्या दारातून सर्वात जास्त ये-जा करणाऱ्या धुण्याभांड्याच्या बायका आहेत. साबणाने आणि घासणीने त्यांच्या बोटांवरच्या रेषा पुसट झालेल्या असतात, मशीन पाच वेळा लाल दिवा दाखवतं, आणि तिसऱ्या दिवसापासून वॉचमन दाराला वीट लावून ठेवतो. शिवाय माणसांच्या बोटांचे ठसे साठवायचे म्हटलं की २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याची जबाबदारी कमिटीच्या गळ्यात पडते. कार्ड द्या. हरवलं तर रद्द करता येतं, बोट रद्द करता येत नाही.

दाराला वरून चिकटणारं चुंबकी कुलूप लावलंत तर एक आकडा लक्षात ठेवा. ते १२ व्होल्टवर साधारण अर्धा अँपिअर घेतं. बसवणारे त्याला नेटवर्कच्या केबलमधल्या एका बारीक जोडीने वीज देतात. अशा तारेला ३० मीटर अंतरावर जाऊन-येऊन सुमारे ५ ओहमचा विरोध होतो, म्हणजे अडीच व्होल्ट वाटेतच जातात. कुलपापाशी साडेनऊ पोचतात, चुंबक ढिला पडतो आणि खांद्याच्या एका धक्क्याने दार उघडतं. पॉवर सप्लायपाशी मीटर लावला तर मात्र छान १२ दिसतात, म्हणून ‘सप्लाय ओके आहे’ म्हणून मेकॅनिक निघून जातो. मोजायचं ते कुलपापाशी, कुलूप चालू असताना. दीड चौरस मि.मी.ची तार टाकली तर हा तोटा अर्ध्या व्होल्टच्याही आत राहतो. दारावरची लोखंडी पट्टी घट्ट आवळू नका. तिच्यामागे रबरी वॉशर असतं, ती थोडी हलली तरच चुंबकाला सपाट बसते.

आग लागली तर ही दारं आतून उघडलीच पाहिजेत. बटण, त्याखेरीज काच फोडायचा हिरवा डबा, आणि फायर अलार्म वाजल्यावर कुलपाची वीज थेट तोडणारा रिले. सॉफ्टवेअरमधून ‘उघड’ असा निरोप पाठवणारी सोय इथे चालत नाही, वीज तुटली पाहिजे. लाइट गेल्यावर दार उघडं राहील ही तक्रार येईल, तिला उत्तर बॅटरी. बसवून झाल्यावर पैसे देण्याआधी मेन स्विच स्वतः पाडून बघा.

क्रम विचारलात तर असा: या आठवड्यात स्टॉपर, रूळ, चाकं आणि फोटोसेल. नंतर अर्थिंग आणि केबल. दिवाळीपर्यंत बॅरिअर. दारं त्यानंतर, आणि मोटर तेव्हाही कुरकुरत असेल तरच. कोटेशनमध्ये मोटरीची ड्यूटी सायकल, रिमोटचा प्रकार, केबलची जाडी आणि लूपची जागा लिहून घ्या, एएमसीत (वार्षिक देखभालीच्या करारात) विजेच्या कडकडाटाने उडालेला बोर्ड धरलाय की नाही तेही. आणि कार्डांची नोंद ठेवणाऱ्या कंट्रोलरचा अ‍ॅडमिन पासवर्ड. तो बसवणाऱ्याच्याच फोनमध्ये राहतो आणि पुढे त्याच्याशी बिनसलं की नवं कार्ड नोंदवायलाही त्याच्याच हातापाया पडावं लागतं. शेवटचा चेक देताना पासवर्ड आणि नोंदींचा बॅकअप कमिटीच्या ईमेलवर आलेला असू दे.